जावईबापूंना सातबारा कसा मागायचा?

ताई, नमस्कार. मी सेलूची. मिस्टर एसटीत ड्रायव्हर होते, मार्चात रिटायर झाले. फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आले. मुलगा वाळूजला कंपनीत आहे, म्हणून संभाजीनगरच्या बाजूला प्लॉट घ्यावा असं ठरलं. माझ्या नणंदेचे जावई प्लॉटचे व्यवहार करतात. त्यांनी पैठण रोडला, बिडकीनच्या अलीकडे तीस बाय पन्नासचा प्लॉट दाखवला. दोन एकरांत चाळीस प्लॉट पाडलेत, चुन्याच्या रेषा मारल्यात, गेट उभं केलंय. एन.ए., म्हणजे बिगरशेती, होणार आहे म्हणतात. भाव फुटाला नऊशे. मालकाला भेटवा म्हटलं तर "मामी, मालक लई तापट आहे, मी मध्ये आहे ना, कामून टेन्शन घेता?" असं म्हणाले. रविवारी दोन लाख टोकन रोख द्यायचं आहे, पावती ते स्वतः देणार. दुसरं गिऱ्हाईक उभं आहे म्हणून घाई आहे. मिस्टर म्हणतात, घरच्या जावयाला कागद मागितले तर नणंदेच्या दारात जायला तोंड राहणार नाही. मला रात्र रात्र झोप नाही. जावई माणूस वाईट नाही हो. विश्वास ठेवावा का?

— एक वाचक, जि. परभणी

ताई,

जावई माणूस वाईट नाही, हे तुमचं म्हणणं मी आहे तसं मान्य करते. मामेसासऱ्याच्या फंडाचे पैसे बुडवायला ते निघालेत असं समजण्यासारखं तुमच्या पत्रात काही दिसत नाही. मला पडलेला प्रश्न वेगळा आहे. त्या जमिनीबद्दल त्यांना स्वतःला किती माहीत आहे?

माझं निम्मं काम सर्च रिपोर्टचं. जमिनीचे मागच्या तीस वर्षांचे कागद चाळायचे आणि तिच्यावर कोणाकोणाचा हक्क लागतो ते लिहून द्यायचं. मागे एक गुरुजी आले होते. इसार देऊन झाल्यावर कागद दाखवायला आले होते, म्हणजे वरातीमागून घोडं. मी विचारलं, मालक कोण? त्यांनी दलालाचं नाव सांगितलं. दलालाला फोन लावला तर तो म्हणाला, मला शहरातल्या एकाने हा माल दिलाय. त्या शहरातल्याला गावातल्या एकाने दिलेला. गावातला हा माणूस मालकाच्या चुलतभावाचा दोस्त. एवढ्या साखळीत सातबारा एकानेही काढून पाहिलेला नव्हता. काढला तर त्यावर मालकासोबत तीन बहिणींची नावं, आणि त्या बहिणींना जमीन विकायला काढलीय याचा पत्ताच नाही. गंमत अशी की साखळीतलं कोणीच खोटं बोलत नव्हतं. जो तो आपल्या वरच्याने सांगितलेलं खाली सांगत होता आणि वरचा "आपला माणूस" म्हणून त्याच्यावर विश्वास टाकत होता. इसाराचे पैसे मात्र वाटेत सगळ्यांच्या खिशात थोडे थोडे गेले होते. ते परत गोळा करताना गुरुजींच्या चपला झिजल्या.

जमिनीच्या धंद्यात लबाड लोक आहेतच, पण त्यांचा वास लवकर येतो. सामान्य माणसाचं जास्त नुकसान होतं ते ऐकीव माहिती खात्रीने सांगणाऱ्या भल्या माणसांमुळे, कारण त्यांना कोणी उलट विचारत नाही. म्हणून जावई खरे की खोटे यावर रात्री जागू नका. त्यांना एवढंच विचारा: तुम्ही मालकाला स्वतः भेटलात का, आणि सातबारा तुमच्या डोळ्यांनी पाहिलात का? प्रामाणिक माणूस यावर "नाही हो मामी, बघतो" म्हणेल. तेवढ्यानेही बरंच कळतं.

आता त्या तापट मालकाबद्दल. जमीन विकायला काढलेला माणूस पैसे घेऊन दारात आलेल्या गिऱ्हाइकावर कशाला तापेल? आमच्या धंद्यात मालक तापट असतो, आजारी असतो, पुण्याला असतो, फोन उचलत नसतो. बहुतेक वेळा यामागे भावाची गोष्ट असते. मालकाला फुटाला सहाशे सांगितलेले असतात, तुम्हाला नऊशे. १५०० फुटांवर फरक होतो साडेचार लाखांचा. दलाली उघड घेतली तर आपल्याकडे साधारण एक-दोन टक्के चालते. तुमच्या साडेतेरा लाखांच्या सौद्यावर ती साडेतेरा ते सत्तावीस हजार होते. साडेचार लाख आणि सत्तावीस हजार हे आकडे शेजारी ठेवले की मालक तापट का होतो ते समजतं. तुमच्या जावयांनी असंच केलंय असं मी म्हणत नाही. कदाचित त्यांच्या वरच्याने केलं असेल आणि त्यांनाही मालक तापटच सांगितला असेल.

दुसरीही एक पद्धत आहे. दलाल स्वतः मालकाला थोडा इसार देऊन सहा महिन्यांची सौदाचिठ्ठी करून घेतो आणि त्या मुदतीत प्लॉट पाडून पुढे विकतो. तुम्हाला हे सांगितलं असेल तर तो त्याचा धंदा. सांगितलं नसेल तर तुम्ही ज्याला मध्यस्थ समजताय तोच विकणारा आहे, आणि विकणाऱ्याकडून तटस्थ सल्ल्याची अपेक्षा ठेवता येत नाही. मुदत संपली आणि मालकाने हात वर केले तर तुमची पावती मालकाला दाखवून काही उपयोग नाही. त्याने तुमच्याकडून पैसे घेतलेलेच नसतात.

म्हणून रविवारचं टोकन. रोख अजिबात देऊ नका, जावयांच्या हातीही नको आणि त्यांच्या खात्यावरही नको. चेक किंवा आरटीजीएस, आणि तो सातबाऱ्यावर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यावर. सातबाऱ्यावर चार नावं असतील तर चौघांच्या सह्या असलेला करारनामा झाल्यावरच. बॉन्डवर लिहून नोटरीचा शिक्का मारला म्हणजे काम पक्कं झालं असं आपल्याकडे अजूनही समजतात. तो शिक्का सही कोणी केली एवढंच सांगतो. जमीन नावावर होते ती दुय्यम निबंधकाकडे खरेदीखत नोंदवल्यावर. मुखत्यारपत्रावर जमीन "घेतली" म्हणणाऱ्यांना सुप्रीम कोर्टाने २०११ मध्येच सांगून ठेवलंय की तशी मालकी जात नाही. रोखीचं आणखी एक: स्थावर मिळकतीच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला आयकर कायद्यानुसार तेवढाच दंड होऊ शकतो. तो घेणाऱ्यावर बसतो, तुमच्यावर नाही. तेव्हा "जावईबापू, उगाच तुमच्या अंगावर यायला नको" असं म्हणून चेकबुक काढलं तर त्यात त्यांचीही काळजी आहे आणि ती खोटी नाही.

घाई मात्र मनातून काढून टाका. बिडकीनच्या ऑरिक या सरकारी औद्योगिक शहरात टोयोटाचा कारखाना येणार म्हणून २०२४ मध्ये राज्य सरकारशी २० हजार कोटींचा करार झाला, तेव्हापासून पैठण रोडला प्रत्येक चुन्याच्या रेषेला पंख फुटलेत. कारखाना येईल. पण तो ऑरिकच्या हद्दीत येणार आहे. तुमचा प्लॉट ऑरिकमध्ये नाही. तिथले भूखंड सरकारी कंपनी स्वतः देते, दलालामार्फत फुटाच्या भावाने विकत नाही. आणि ते दुसरं गिऱ्हाईक? चाळीस प्लॉट आहेत ना, त्याला एकोणचाळिसांतला एखादा देऊ द्या.

आता "एन.ए. होणार आहे". होणाऱ्या एन.ए.वर पैसे देणं म्हणजे नोकरी लागणार आहे म्हणणाऱ्या मुलाला आत्ताच पोरगी देऊन टाकणं. लागेलही नोकरी, पण लग्न तोवर थांबवता येतं. कागद झाला असेल तर तो दाखवता येतो: बिगरशेतीच्या मंजुरीचा कागद आणि शिक्कामोर्तब झालेला लेआउटचा नकाशा, ज्यावर तुमचा प्लॉट क्रमांक, रस्त्यांची रुंदी आणि मोकळी जागा दिसते. गेटवरच्या फ्लेक्सवर छापलेला रंगीत नकाशा तो नव्हे. कागद झाला नसेल तर तुम्ही घेताय ती शेतजमीन, आणि तीही दीड गुंठा न भरणारी. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्याप्रमाणे शेतजमिनीचा इतका छोटा तुकडा सहसा विकता येत नाही. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० आणि बागायतीला १० गुंठ्यांची मर्यादा आहे. त्यावरचा उपाय म्हणून दहा-पंधरा अनोळखी लोकांचं मिळून एक सामाईक खरेदीखत करतात. नावं सातबाऱ्यावर एकत्र चढतात, पण तुमचा तुकडा नेमका कुठला हे कागदावर कुठेच नसतं. पुढे एकाचं बिनसलं की सगळे अडकतात. "गुंठेवारीत होऊन जाईल" असंही कोणी म्हणेल. गुंठेवारीचा २००१ चा कायदा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत उभ्या राहिलेल्या वसाहतींसाठी आहे. जुन्या तुकड्यांना अलीकडे ज्या सवलती मिळाल्या त्या झालेल्या व्यवहारांसाठी आहेत. आज नवा तुकडा घेताना त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

महारेरा, म्हणजे घरांच्या आणि प्लॉटच्या प्रकल्पांची नोंदणी करणारं सरकारी प्राधिकरण, त्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही, बहुधा जावयांनी तो विषय काढलाच नसेल. जागा ५०० चौरस मीटरच्या आत किंवा प्लॉट आठच्या आत असतील तर सूट आहे. दोन एकरांत चाळीस प्लॉट म्हणजे सूट नाही. प्रकल्पाला पी अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा आणि तो विकणाऱ्या एजंटला ए अक्षराचा. दोन्ही महारेराच्या साइटवर फुकट तपासता येतात, मुलाला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. एजंट व्हायला आता प्रशिक्षण घेऊन परीक्षा द्यावी लागते. नोंदणी नसताना असे प्लॉट विकले तर एजंटला दिवसाला दहा हजार रुपये दंड आहे. नोंदणीकृत प्रकल्पात करारनामा नोंदवण्याआधी दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेताच येत नाही. तुमचे दोन लाख साडेतेरा लाखांच्या जवळजवळ पंधरा टक्के होतात. ज्याने २०१६ चा रेरा कायदा वाचलाय तो एवढं टोकन मागणार नाही. एक लक्षात ठेवा, एकट्याची शेतजमीन किंवा जुनं घर विकून देणाऱ्या गावच्या दलालावर महारेराचा असा वचक नाही. तिथे तुम्ही, तुमचा वकील आणि सातबारा.

तर सातबारा. गट नंबर कळला की महाभूमीच्या साइटवर डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत मिळतो. त्याला तलाठ्याची किंवा जावयांची मदत लागत नाही. वर डावीकडे भोगवटादाराचा वर्ग लिहिलेला असतो, तिथे सगळ्यात आधी नजर टाका. "वर्ग-२" असेल तर जागेवरच थांबा. मराठवाड्यात हा प्रकार जास्त आहे, कारण आपण निजामाच्या राज्यातून आलो. मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या), खिदमतमाश (सेवेपोटी दिलेल्या), देवस्थानाच्या इनामी जमिनी, शिवाय सिलिंगमध्ये, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त म्हणून सरकारने घेऊन, वाटलेल्या आणि जायकवाडीच्या धरणग्रस्तांना मिळालेल्या. अशा जमिनी परवानगीशिवाय विकता येत नाहीत, काही तर कधीच नाहीत. त्यातल्या काहींवर वक्फचा किंवा देवस्थानाचा दावा निघतो, आणि तो निघतो तुमचं घर बांधून झाल्यावर. मग नावं वाचा. कंसात टाकलेली नावं कमी झालेली असतात, ती का कमी झाली ते फेरफारात, म्हणजे नावं बदलल्याच्या नोंदीत, सापडतं. बाप गेल्यावर फक्त भावांची नावं चढली असतील आणि बहिणींची नसतील, तर हक्कसोड नोंदवलेलं आहे का ते विचारा. तोंडी "बहिणींनी सोडून दिलंय" याला अर्थ नाही. राखीपौर्णिमेला सोडलेला हक्क जमिनीचा भाव वाढला की परत आठवतो, आणि त्यात बहिणींचं काही चुकतही नाही.

उजवीकडे इतर अधिकाराचा रकाना आहे. लोक तो वाचत नाहीत कारण अक्षर बारीक असतं. सोसायटीचा बोजा, बँकेचं गहाण, कुळाचं नाव, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं तिथे. तळाशी "प्रलंबित फेरफार" अशी ओळ असते. तिथे "नाही" लिहिलेलं पाहिजे. काही प्रलंबित असेल तर आत्ता या क्षणी कोणीतरी त्या जमिनीवर हक्क नोंदवायला अर्ज केलाय, असं समजा. एवढं तुमचा मुलगाही वाचू शकेल. त्यापुढचं, म्हणजे तीस वर्षांचा सर्च, सूची दोन, जुनं खासरा पाहणी पत्रक, पेपरात जाहीर सूचना, हे वकिलाचं काम. वकील तुमचा असावा. दलालाने "आपलाच वकील आहे, सगळं बघून ठेवलंय" म्हटलं तर त्याचे आभार माना आणि दुसरा गाठा.

आता मूळ अडचण. जावई. ज्याला धोंड्याच्या महिन्यात पाटावर बसवून अनारसे वाढले त्याला सातबारा मागायचा कसा, हे मिस्टरांचं अवघडलेपण मला कळतं. सेलू असो की सिल्लोड, आपल्याकडे जावयाला पाणीसुद्धा पेल्याखाली ताटली धरून देतात. पण मिस्टरांना एक विचारा. आत्ता कागद मागणं अवघड, की वर्षभराने दिवाळीला नणंदेच्या घरी जाऊन दोन लाख मागणं अवघड? नाती कागदांनी तुटल्याचं मी फारसं पाहिलेलं नाही. न दिलेल्या पावत्यांनी तुटलेली बरीच पाहिलीत, आणि त्यात भरडली जाते ती बाई. इथे तुमची भाची. एकीकडे नवरा, दुसरीकडे मामा.

मागताना खोटं कारण काढू नका, ते पुढे उघडं पडतं. खरं कारण आहेच की तुमच्याकडे. "जावईबापू, पोराला पुढं घर बांधायला लोन काढावं लागणार आहे. बँकेचा वकील हेच कागद मागेल. तवा तुमची धावपळ नको, म्हणून आत्ताच गट नंबर द्या, आम्ही काढून घेतो." यात अविश्वासाचं एक अक्षर नाही. आणि पुढचं वाक्य मिस्टरांनी म्हणावं, तुम्ही नको: "तुमची दलाली दोन टक्के, खरेदीखताच्या दिवशी, चेकने. घरचे म्हणून फुकट राबवणार नाही. पण मालकासमोर भाव ठरेल." हे ऐकून ज्याचा चेहरा खुलतो तो मध्यस्थ कामाचा. त्याला आपले पैसे कुठून येणार ते कळलेलं असतं, मग भाव लपवायची गरज उरत नाही. खरं तर बऱ्याच नातेवाईक दलालांना आपणच कोंडीत पकडतो. घरचा म्हणून कमिशन द्यायचं नाही, आणि मग त्याने भावात ते काढून घेतलं की बोंब मारायची. तो राबतो, गाडीचं पेट्रोल जाळतो, चार रविवार वाया घालवतो. त्याचे पैसे उघड द्या, म्हणजे त्याच्याकडून उघडपणा मागता येतो.

ते चिडले तर? "मामी, इतका पण विश्वास नाही?" असं म्हणालेच तर वाद घालू नका. "विश्वास तुमच्यावर आहे, जमिनीला मी कुठं ओळखते" एवढं म्हणून चहा टाका. गट नंबर द्यायलाच टाळाटाळ झाली, आज देतो उद्या देतो झालं, तर मिस्टरांना काही समजावत बसायची वेळ येणार नाही. एसटीत तीस-पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला टाळाटाळ लगेच कळते.

गट नंबर मिळाला तर मात्र एक दिवस मिस्टर आणि मुलगा दोघांनी त्या गावात जावं, जावयांना सोबत घेऊनच, चोरून नको. तलाठ्याच्या सजावर, नाही तर पारावर बसून "अमक्या गटाचं काय चाललंय" एवढंच विचारायचं. गावाला सगळं माहीत असतं. भावकीत भांडण असेल तर तिथे पाच मिनिटांत कळतं, ते कुठल्याही रजिस्टरात सापडत नाही. आणि मालक भेटलाच तर त्याला तोंडावर भाव विचारा. बघा तो किती तापट आहे ते.

रविवारी टोकन देऊ नका. प्लॉट गेला तर जाऊ द्या, पैठण रोड लांबलचक आहे. सातबारा हाती आला की इतर अधिकाराच्या रकान्याचा आणि तळाच्या ओळीचा स्पष्ट फोटो काढून सदराच्या पत्त्यावर पाठवा, त्यात काय लिहिलंय ते वाचून कळवते.